ट्रॅपिस्ट-१ स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो?

कुंभ राशीत, आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक मिणमिणता लाल खुजा तारा आहे. सात ग्रहांमुळे तो २०१७ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. ग्रहांची चित्रं रंगवली गेली, तिथे पाणी असेल का यावर चर्चा झडल्या. या गदारोळात एक साधी वाटणारी संख्या निमूटपणे बदलली. मे २०१६मध्ये ‘नेचर’मधल्या पहिल्या शोधनिबंधात या ताऱ्याचा परिवलनकाळ १.४० दिवस दिला होता, त्रुटी जेमतेम ०.०५ दिवसाची. मार्च २०१७मध्ये तोच काळ ३.३ दिवस निघाला. हा फरक सांगितलेल्या त्रुटीच्या जवळजवळ चाळीसपट होता.

दोन्ही वेळा मोजणारे आपल्या कामात मुरलेले. दोन्ही वेळा पद्धतही एकच: ताऱ्याचा प्रकाश किती काळाने पुन्हा तसाच कमी-जास्त होतो ते पाहायचं. शिवाय १.४० दिवसांच्या बाजूने एक वेगळा, स्वतंत्र वाटणारा पुरावाही हजर होता. चूक सुधारली म्हणून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही. चूक इतकी पटण्यासारखी का वाटली, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

डागांवरून घड्याळ

सूर्यावरचे डाग सरकताना दिसतात म्हणून सूर्य फिरतो हे सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळलं. विषुववृत्ताजवळ तो सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेतो, ध्रुवांकडे त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. इतर तारे मात्र मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. त्यांच्यावरचा डाग आपल्याला दिसत नाही. तो आपल्या बाजूला आला की ताऱ्याचा एकूण प्रकाश किंचित घटतो आणि पलीकडे गेला की पुन्हा वाढतो, एवढंच कळतं. हा चढउतार ठरावीक काळाने परत परत आला, की तो काळ म्हणजे ताऱ्याची एक फेरी, असा हिशोब.

या हिशोबातली फट फार जुनी आहे. १६६७मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ इस्माएल बुलियो यांनी तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा ताऱ्याचा प्रकाश सुमारे ३३३ दिवसांनी पुन्हा वाढतो हे मोजलं आणि कारण दिलं: ताऱ्याची एक बाजू काळपट असावी, तो फिरला की ती समोर येते. काळ त्यांनी उत्तम मोजला होता. कारण मात्र चुकलं, कारण मीरा अख्खाच फुगतो आणि आकसतो. प्रकाशाच्या आलेखातून मिळतो तो फक्त एक आवर्तनकाळ. ‘हे परिवलन आहे’ हे आपण वरून जोडलेलं असतं. ट्रॅपिस्ट-१च्या बाबतीत हे जोडणं दोनदा झालं.

ला सियातल्या ६२ रात्री

बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातले मिकाएल जिलाँ आणि त्यांचे सहकारी अगदी थंड, खुज्या ताऱ्यांभोवती ग्रह शोधत होते. त्यांची दुर्बीण चिलीतल्या ला सिया वेधशाळेत, आरसा फक्त ६० सेंटिमीटरचा. तारा लहान असेल तर ग्रह समोरून जाताना प्रकाशाचा मोठा हिस्सा अडवतो आणि लहान दुर्बिणीलाही ते कळतं, हा त्यामागचा विचार. ट्रॅपिस्ट-१चं वस्तुमान सूर्याच्या ९ टक्के, त्रिज्या सूर्याच्या सुमारे १२ टक्के, पृष्ठभागाचं तापमान २,५०० केल्विनच्या जरा वर. १७ सप्टेंबर ते २८ डिसेंबर २०१५ या काळात ६२ रात्री मिळून २४५ तास त्यावर नजर ठेवली गेली. त्यातून तेव्हा तीन ग्रह हाती लागले.

पाठपुराव्यात आपल्याकडच्या वाचकांना जवळचं वाटेल असं एक नाव आहे. लडाखमधल्या हान्लेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण या ग्रहांची अधिक्रमणं, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणं, तपासायला वापरली गेली. चिली आणि लडाख यांच्या रेखांशांत सुमारे १५० अंशांचं अंतर आहे. चिलीत दिवस उजाडला की काही तासांनी लडाखात रात्र होते, त्यामुळे एका ठिकाणी हुकलेलं अधिक्रमण दुसरीकडे सापडू शकतं. ही सोय परिवलन मोजण्यासाठी केलेली नव्हती. पण रेखांशांचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तोच कळीचा ठरतो.

परिवलनकाळ काढला तो ला सियातल्या नोंदींमधून. ६२ रात्रींच्या आलेखांत ग्रहांचे खड्डे वगळून उरलेल्या मंद चढउतारात कोणता काळ ठळक दिसतो, ते पाहिलं. उत्तर आलं १.४० दिवस.

पाठीशी उभा राहिलेला साक्षीदार

फिरणं मोजण्याची दुसरी वाट वर्णपटातून जाते. तारा फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते, त्यामुळे वर्णपटातल्या रेषा रुंदावतात. जितकी रुंदी, तितका वेग. प्रकाशाच्या आलेखाशी या मापनाचा काही संबंध नाही, म्हणून दोन्ही जुळले की खगोलशास्त्रज्ञ निश्चिंत होतात.

ट्रॅपिस्ट-१साठी असं एक मापन आधीच उपलब्ध होतं: सेकंदाला ६ किलोमीटर, त्रुटी २ किलोमीटर. आता त्रिज्येवरून ताऱ्याचा परीघ काढला तर तो सुमारे ५ लाख २० हजार किलोमीटर येतो. हे अंतर ६ किलोमीटर वेगाने कापायला एक दिवस लागतो, ४ किलोमीटर वेगाने दीड दिवस. १.४० दिवस या पट्ट्यात बरोबर बसतो. ३.३ दिवसांसाठी लागणारा वेग आहे सेकंदाला १.८ किलोमीटर, तो पट्ट्याच्या बाहेर पडतो.

म्हणजे २०१६मध्ये कुणी चुकून ३.३ दिवसांचं उत्तर समोर ठेवलं असतं, तरी वर्णपटाच्या आधाराने ते बाजूला सारणंच शहाणपणाचं ठरलं असतं. खुज्या ताऱ्यांच्या वर्णपटात रेणूंच्या रेषांची इतकी दाटी असते, की त्यातून थोडंसं रुंदावणं वेगळं काढणं अवघड जातं. वेग जितका कमी, तितकं हे मापन उपकरणाच्या स्वतःच्या धूसरपणात बुडत जातं. पुढे अधिक बारीक विभेदन असलेल्या उपकरणांनी या ताऱ्याचा वेग सेकंदाला २ किलोमीटरच्या आसपास आणला आणि ६ हा आकडा मागे पडला. दोन मापनं स्वतंत्र असली तरी दोन्ही एकाच दिशेने चुकू शकतात. इथे तसंच घडलं.

अवकाशातून ७९ दिवस

केप्लर दुर्बीण २००९मध्ये प्रक्षेपित झाली तेव्हा तिची दिशा स्थिर ठेवायला चार फिरती चाकं होती. मे २०१३पर्यंत त्यांतली दोन निकामी झाली. मग अभियंत्यांनी सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच टेकू घेऊन तिला पुन्हा कामाला लावलं. ही दुसरी मोहीम म्हणजे के-२. दुर्बीण हळूहळू आपल्या अक्षाभोवती कलायची आणि साधारण सहा तासांनी छोटे प्रक्षेपक पेटवून तिला सरळ करावं लागायचं. त्यामुळे कच्च्या आलेखात सहा तासांची खोटी करवत उमटे, ती गणिताने घासून काढावी लागे.

या मोहिमेच्या बाराव्या टप्प्यात, १५ डिसेंबर २०१६ ते ४ मार्च २०१७ या ७९ दिवसांत, ट्रॅपिस्ट-१ दुर्बिणीच्या नजरेत होता. फेब्रुवारीत यंत्रणा सुरक्षित अवस्थेत गेल्याने सुमारे पाच दिवस नोंदी थांबल्या, बाकी काळ अखंड. कच्च्या नोंदी ८ मार्चला सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि काही दिवसांतच वॉशिंग्टन विद्यापीठातले रॉड्रिगो लुगर आणि सहकाऱ्यांनी त्यांतून सातव्या ग्रहाचा १८.७७ दिवसांचा प्रदक्षिणाकाळ काढला. सगळ्यांचं लक्ष त्या ग्रहाकडे गेलं, ते साहजिकच. त्याच निबंधात ताऱ्याच्या परिवलनाचा काळ ३.३ दिवस असल्याचं नोंदवलं होतं. बुडापेस्टच्या कोंकोली वेधशाळेतल्या क्रिस्तियान विदा यांच्या गटाने त्याच नोंदी वेगळ्याने तपासल्या. त्यांना ३.२९५ दिवस मिळाले, वर ४२ प्रकाशभडकेही, म्हणजे ताऱ्याचा उजेड अचानक उसळून ओसरल्याच्या घटना, सापडले.

३.३ दिवस हा काळ यंत्राच्या खोडींपासूनही लांब आहे. प्रक्षेपकांची लय सहा तासांची, दुर्बिणीचा संथ सरकाव आठवड्यांचा. ३.३ दिवस या दोहोंच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात येतात. ग्रहांचे काळ १.५१, २.४२, ४.०५ दिवस असे आहेत, त्यांच्याशीही जुळणी नाही. नोंदींच्या काळात या ताऱ्याच्या वीस-बावीस फेऱ्या झाल्या आणि आलेखात त्या नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे केप्लर पृथ्वीभोवती नव्हे, सूर्याभोवती फिरत होती. तिला रात्र नाही आणि दिवसही नाही.

मग १.४ आला कुठून?

इथून पुढचा हिशोब माझा आहे. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही तो करता येईल.

पृथ्वीवरच्या एकाच वेधशाळेतून तारा पाहिला की दर २४ तासांनी नोंदींत खंड पडतो. समजा, रोज रात्री ठरावीक वेळीच ताऱ्याकडे पाहिलं. ३.३ दिवसांत फेरी घेणारा तारा दुसऱ्या रात्री ०.३०३ फेरी पुढे गेलेला असेल. आता १.४३५ दिवसांत फेरी घेणारा तारा घ्या. तो एका दिवसात ०.६९७ फेरी पुढे जातो, आणि ०.६९७ फेरी पुढे जाणं म्हणजे ०.३०३ फेरी मागे येणं. जुन्या चित्रपटांत धावत्या टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. प्रकाशाच्या साध्या चढउताराला पुढे काय आणि मागे काय याची जाण नसते. रोज एकदाच पाहणाऱ्याला हे दोन्ही तारे सारखेच दिसतील.

१.४० अधिक-उणे ०.०५ म्हणजे १.३५ ते १.४५. त्यात १.४३५ बसतो. सगळा घोळ यातूनच झाला हे केवळ या बेरीज-वजाबाकीने सिद्ध होत नाही, पण हा निव्वळ योगायोग आहे असं मानणं मला तरी जड जातं.

प्रत्यक्षात रोज एकदाच पाहिलं जात नव्हतं. २४५ तास भागिले ६२ रात्री, म्हणजे रात्रीला सरासरी चार तास. चार तासांत ३.३ दिवसांचा तारा १८ अंश फिरतो, १.४३५ दिवसांचा जवळजवळ ४२ अंश, आणि आलेखाचा उतारही दोघांचा उलट असतो. म्हणजे खऱ्या आणि आभासी काळातला फरक सांगणारी खूण होती, पण ती एका रात्रीच्या आतल्या उतारात होती. आणि जमिनीवरून पाहणाऱ्याचा सर्वांत कमी भरवसा नेमका या उतारावरच असतो.

तारा मावळतीकडे झुकतो तशी त्याच्या प्रकाशाला अधिकाधिक जाड हवा ओलांडावी लागते. ही घट काढून टाकायला त्याच चौकटीतल्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करतात. ट्रॅपिस्ट-१ मात्र इतका लाल आहे की शेजारचे सगळे तारे त्याच्यापुढे निळसर. हवेतली वाफ अवरक्ताजवळचा प्रकाश जास्त शोषते, म्हणून तिचा फटका लाल ताऱ्याला वेगळा बसतो आणि तुलनेच्या ताऱ्यांना वेगळा. रात्रीच्या आत एक खोटा उतार तयार होतो. तो काढून टाकायला जावं, तर खराही त्याच्याबरोबर पुसला जाऊ शकतो. उरतो तो एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीचा फरक, आणि त्याला १.४ व ३.३ यांतला भेद कळत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण खर्चिक. दुसऱ्या रेखांशावरची दुर्बीण तोच तारा, तेवढेच दिवस पाहत राहिली पाहिजे. दहा-बारा तासांच्या अंतराने नोंदी मिळाल्या की आभासी काळ गळून पडतो. एखाद्या अधिक्रमणासाठी मोठ्या दुर्बिणीवर एक रात्र मिळते. ताऱ्याचा मंद चढउतार पाहण्यासाठी तीन महिने कोण देणार?

स्पिट्झरला काहीच दिसेना

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने हाच तारा सुमारे २० दिवस, जवळजवळ सलग, ४.५ मायक्रॉन तरंगलांबीवर, म्हणजे अवरक्तात, पाहिला होता. सात ग्रहांची घोषणा त्यावरच उभी आहे. त्या नोंदींत ३.३ दिवसांची लय ठळकपणे दिसत नाही.

डाग काळे, थंड असते तर अवरक्तातही थोडाफार परिणाम दिसायला हवा होता. २०१८मध्ये ब्रेट मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार मांडला: डाग काळे नसून तेजस्वी असावेत. त्यांच्या प्रतिकृतीत असे तीन ठिपके आहेत, प्रत्येकाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या अवघी ०.४ टक्के, तापमान मात्र ५,३०० केल्विन किंवा जास्त. ट्रॅपिस्ट-१ स्वतः दृश्य प्रकाशात इतका मंद आहे, की तिथे एवढासा तापलेला ठिपकाही उठून दिसतो. अवरक्तात ताऱ्याचाच प्रकाश भरपूर, त्यात ठिपका हरवतो. केप्लरला दिसावं आणि स्पिट्झरला दिसू नये, याचा मेळ असा बसतो.

त्याच निबंधातलं एक निरीक्षण मला सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. मोठे भडके सर्वांत तेजस्वी ठिपका आपल्याकडे असताना जास्त दिसतात, आणि बहुधा ठिपक्यांचा उजेड वाढत असताना. तसं असेल तर ३.३ दिवस ही ताऱ्याची फेरी नसून चुंबकीय प्रदेश तापण्या-निवण्याची स्वतःची लय असू शकते, असं लेखकांनीच नमूद केलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी मीराच्या बाबतीत झालेली गल्लत नव्या रूपात दारात उभी!

ग्रहांच्या सावलीतून वेग

निकाल लावायला प्रकाशाचे आणखी आलेख उपयोगाचे नव्हते. ३१ ऑगस्ट २०१८च्या रात्री हवाईतल्या ८.२ मीटरच्या सुबारू दुर्बिणीतून तेरुयुकी हिरानो आणि सहकाऱ्यांनी ट्रॅपिस्ट-१चा अवरक्त वर्णपट घेतला. त्या एकाच रात्री बी, ई आणि एफ हे तीन ग्रह ताऱ्यासमोरून जाणार होते. ग्रह आधी ताऱ्याची आपल्याकडे येणारी कड झाकतो, मग दूर जाणारी. त्यामुळे वर्णपटातल्या रेषा आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झुकल्यासारख्या होतात. या झुकण्यातून ताऱ्याचा वेग मिळतो, आणि त्याचा अक्ष ग्रहांच्या कक्षांशी किती तिरका आहे तेही कळतं.

वेग निघाला सेकंदाला साधारण १.५ किलोमीटर, त्रुटी ०.४ च्या आत. अक्ष आणि कक्षा यांच्यात लक्षात येण्याजोगा तिरकेपणा आढळला नाही, त्रुटी २८ अंशांची. ३.३ दिवसांसाठी लागणारा १.८ किलोमीटरचा वेग या मर्यादेत बसतो. १.४ दिवसांसाठी लागणारा ४.३ किलोमीटरचा वेग कुठेच बसत नाही. तापण्या-निवण्याची शंका यानेही मुळापासून उखडली जात नाही, कारण याच मापनातून चार दिवसांची फेरीही निघू शकते. पण आज ट्रॅपिस्ट-१चा परिवलनकाळ म्हणून ३.३ दिवस वापरला जातो, तो आता दोन पायांवर उभा आहे.

वयाचा प्रश्न मात्र या आकड्याने सुटत नाही. सूर्यासारखे तारे वयानुसार मंदावतात, हे १९७२मध्ये अँड्र्यू स्कुमानिच यांनी दाखवलं आणि त्यावर ताऱ्यांची वयं काढण्याची अख्खी पद्धत उभी राहिली. पण अगदी लहान तारे अब्जावधी वर्षं वेगाने फिरत राहू शकतात. ट्रॅपिस्ट-१चं वय ७.६ अब्ज वर्षं, अधिक-उणे २.२, असं काढलं गेलं ते ताऱ्याची अवकाशातली गती आणि रासायनिक घटक अशा इतर खुणा एकत्र तोलून. नुसत्या ३.३ दिवसांवरून तो तरुणही वाटला असता.

केप्लरच्या मूळ मोहिमेतल्या १,३३,०३० ताऱ्यांपैकी ३४,०३० ताऱ्यांचे परिवलनकाळ २०१४मध्ये संगणकाने एकगठ्ठा काढले गेले. एवढ्या ताऱ्यांमागे प्रत्येकी एक सुबारू उभी करता येणार नाही. तिथे रात्रीच्या खंडाचा आभास नाही, पण दोन डाग समोरासमोर असले तर फेरी अर्ध्या काळाचीच वाटण्याचा धोका आहे. अशा यादीतला एखादा आकडा उचलून वापरताना त्याच्या शेजारी वर्णपटाचा वेग लिहिला आहे का, हे मी आधी पाहतो.

ट्रॅपिस्ट-१च्या बाबतीत या आकड्याचं काम अजून सुरूच आहे. जेम्स वेब दुर्बिणीने ग्रह बीचा वर्णपट घेतला तेव्हा त्यात ताऱ्याच्या ठिपक्यांचीच भेसळ ठळक निघाली. त्यावर एक तोड अशी: बीवर दाट वातावरण नसल्याचे संकेत आहेत, म्हणून बी आणि ई लागोपाठ ताऱ्यासमोरून जातात तेव्हाच दोघांचे वर्णपट घ्यायचे आणि बीच्या वर्णपटात जे दिसेल ते ताऱ्याचं मानून ईच्या वर्णपटातून वजा करायचं. यात गृहीत असं, की दोन्ही वेळी ताऱ्याची जवळपास तीच बाजू आपल्याकडे आहे. फेरी १.४ दिवसांची असती तर तारा तासाला जवळजवळ ११ अंश फिरला असता. ३.३ दिवसांच्या फेरीत तो तासाला साडेचार अंश फिरतो, आणि निरीक्षकांना दुपटीहून जास्त वेळ मिळतो.